वाचाचबाईंचं टेबल

ग्रंथालयात गेलेला माणूस मागितलेलंच पुस्तक घेऊन बाहेर आला, असं त्या गल्लीत क्वचितच घडायचं. विणकामाचं पुस्तक मागायला गेलेली सूनबाई देवमाशांवरचा जाडजूड ग्रंथ काखोटीला मारून घरी यायची, आणि गुडघेदुखीवर काही आहे का म्हणून विचारायला गेलेले आजोबा ज्वालामुखींची सचित्र माहिती घेऊन. याचं कारण काउंटरच्या मागे उभं असायचं. बाईंनी आदल्या दिवशी जे पुस्तक संपवलेलं असेल, ते दुसऱ्या कुणाच्या हातात कोंबल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "ते राहू द्या हो, तुम्ही हे वाचाच!" त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना वाचाचबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

बाई उंचीने बेताच्या, आवाजाने दणदणीत. 'शांतता राखा' ही भिंतीवरची पाटी त्यांनीच लावली होती आणि दिवसभर त्याच मोडत होत्या. त्यांचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. अबोल, सोशीक माणूस. "आमच्या हिच्या तोंडात तीळ भिजत नाही," एवढं एकच वाक्य तो बायकोबद्दल चारचौघांत बोलायचा, तेही कौतुकाने. आणि खरंच होतं ते. रहस्यकथा नेणाऱ्या माणसाला बाई दारापर्यंत सोडायला जायच्या आणि खुनी कोण ते उंबऱ्यातच सांगून टाकायच्या. मग जीभ चावायच्या. जित्याची खोड, दुसरं काय.

या बाबतीत त्यांना पुरून उरलेला एकच वाचक होता, कोपऱ्यावरचे शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून मास्तर यायचे, खिडकीजवळच्या बाकावर बसायचे आणि रहस्यकथा सोडून दुसरं काही वाचायचे नाहीत. बाईंनी तोंड उघडलं की ते दोन्ही कानांवर हात ठेवायचे. "एक शब्द बोललात तर तुमच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावीन," अशी त्यांची धमकी असे. अंधारायला लागलं की त्यांचा मुलगा, तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दारातून "अब्बा, चला," अशी हाक मारायचा आणि बापलेक घरी जायचे. मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिची चार पुस्तकं त्यांनी ग्रंथालयाला दिली होती आणि प्रत्येकावर तिच्या नावाने 'स्मरणार्थ' असा शिक्का होता.

आता टेबलाची गोष्ट. एके दिवशी टीव्हीवर कुठल्याशा लांबच्या शहरात इस्लामचं नाव घेऊन कुणी केलेल्या स्फोटाची बातमी आली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती अशी काही खडाजंगी झाली, की बाईंचा आवाजसुद्धा त्यात बुडाला. जो तो सुतावरून स्वर्ग गाठत होता. शेवटी एका गृहस्थाने काउंटरपाशी येऊन विचारलं, "बाई, ही माणसं अशी का होतात, यावर काही आहे का आपल्याकडे?"

बाईंनी "वाचाच" म्हणायला तोंड उघडलं आणि पुढे शब्दच येईना. कपाटात त्या विषयावर दोन पातळ पुस्तकं होती. मुखपृष्ठावर ज्वाळा, आत उद्गारचिन्हं. वाचणाऱ्याला राग येईल, समजणार काहीच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरोखर महत्त्वाचं काही मागितलं आणि द्यायला हातात काही नाही, याची बाईंना मनस्वी लाज वाटली.

आणि मग काय विचारता! बाई त्या विषयावर तुटून पडल्या. दुसऱ्या ग्रंथालयांतून पुस्तकं मागवली, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतल्या फळ्या उपसल्या, ओळखीपाळखीच्या प्राध्यापकांना फोन करून हैराण केलं. जेवताना ताटाशेजारी पुस्तक आणि तोंडात घासाबरोबर बातमी.

"अहो, ऐका ना! हा मानसोपचाराचा डॉक्टर तुरुंगात जाऊन या पोरांशी वर्षानुवर्षं बोलत बसला. आणि काय म्हणतो माहितीये? यातल्या कितीतरी जणांना स्वतःच्या धर्मातलं ओ का ठो कळत नव्हतं! कुणाला अपमान गिळवत नव्हता, कुणी घरात एकटा पडला होता, कुणाला कुणी विचारत नव्हतं. अशा पोराला बरोबर हेरून कुणीतरी म्हणतं, ये, तू आमचा वीर."

नवरा वरणाची वाटी हातात धरून ऐकत राहायचा.

"आणि हे ऐका. या संघटनांनी सगळ्यात जास्त कुणाला मारलं असेल? मुसलमानांनाच! त्यांच्याच बाजारात, त्यांच्याच मशिदीत. हे आपल्या त्या खडाजंगीत एकाने तरी म्हटलं का?"

दुसऱ्या दिवशी आणखी काही. साम्राज्यं मोडली, सीमा आखल्या गेल्या, हुकूमशहांनी तुरुंग भरले आणि त्या तुरुंगांतून कोणते विचार बाहेर पडले, हे सांगणारा एक इतिहास होता, बाईंनी त्यात इतक्या खुणा घातल्या की पुस्तक फुगलं. एका पत्रकार बाईने इंटरनेटवरून फूस लावून नेलेल्या मुलींचा माग काढला होता. कुणी फक्त पैसा कुठून कुठे जातो ते शोधलं होतं. एक पुस्तक तर दुसऱ्याच धर्मांच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या माथेफिरूंचं होतं. ते वाचून बाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. "अहो, देव वेगळा, शत्रू वेगळा, आणि भाषण तेच! शब्दाला शब्द तेच!"

नवऱ्याने वाटी खाली ठेवली. हा माणूस वर्तमानपत्रात फक्त हवामान वाचायचा. "मग मी पहिलं कुठलं वाचू?" त्याने विचारलं.

बाईंना आकाश ठेंगणं झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. गल्लीतल्या प्रत्येकाने हाच प्रश्न विचारावा, आणि त्याला द्यायला पुस्तक असावं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. ग्रंथालयाची वर्षातून एकदा खुली सभा भरायची ती येत्या रविवारी होती. बाईंनी अध्यक्षांना गाठलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त झालेले दातांचे डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडलं की अजून सवयीने आत डोकावायचे. "या विषयाचं एक टेबल मांडते आणि चार शब्द बोलते," बाई म्हणाल्या. डॉक्टर हो म्हणाले. बाईंना नाही म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांच्याकडे नव्हता.

आता इथेच घोड्याने पेंड खाल्ली. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एक आकडा चिकटवलेला असतो. एका विषयाचा एक आकडा, आणि त्या आकड्याची पुस्तकं एका रांगेत. बाईंची या आकड्यांवर गाढ श्रद्धा. नवीन पुस्तकांना त्यांनी भराभर आकडे दिले. नावात इस्लाम दिसला की इस्लामचा आकडा, झालं. मग टेबल भरगच्च दिसावं म्हणून त्या आकड्याची जुनी रांगही उचलून आणली आणि सगळी पुस्तकं आकड्याच्या क्रमाने लावली. हात वर्षानुवर्षं असेच चालत आले होते, डोकं मध्ये पडलंच नाही. समोर ठसठशीत अक्षरांत पाटी लावली: 'दहशतवाद समजून घ्यायचाय? इथून सुरुवात करा.' लांब उभं राहून त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाल्या.

संध्याकाळी मास्तर आले. टेबलापाशी थांबले, वाकून बघितलं. बाई काउंटरवरून ओरडल्या, "मास्तर, बघा तरी! रविवारी यायचं हं!" मास्तर सरळ काउंटरपाशी आले. बाकावरही बसले नाहीत. पिशवीतली रहस्यकथा काढून त्यांनी काउंटरवर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेले. बाईंनी पुस्तक जमा करायला उघडलं तर खुणेची दोरी मधल्या पानात. मास्तरांनी खुनी कोण हे न वाचता पुस्तक परत केलं होतं!

बाईंना वाटलं, प्रकृती बरी नसेल. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा राहिला, दुकान मात्र उघडं होतं आणि मशीन सुरू. तेव्हा मात्र त्या आठवायला लागल्या. काय बोललो आपण? कुठला खुनी सांगून टाकला? दुपारी वाचक नव्हते. बाई उठल्या आणि टेबलासमोर, मास्तर जिथे वाकले होते, बरोबर तिथे जाऊन वाकल्या.

बॉम्ब कसे पोचवले जातात त्याचं पुस्तक. छळछावण्यांचं पुस्तक. आणि या दोघांच्या मधोमध, पानं हाताळून मऊ झालेलं, पैगंबरांच्या आयुष्यातल्या साध्या गोष्टींचं एक लहानसं पुस्तक. बाईंनी मुखपृष्ठ उलटलं. मास्तरांच्या बायकोचं नाव आणि खाली 'स्मरणार्थ'. पलीकडे प्रार्थनांचं पुस्तक होतं, त्याच्या पलीकडे सूफी कवितांचं, आणि वर ती ठसठशीत पाटी.

बाईंनी पुस्तक मिटलं, ग्रंथालयाला कुलूप घातलं, जे त्यांनी भर दुपारी कधीच केलं नव्हतं, आणि जवळजवळ धावतच दुकानात गेल्या.

"मास्तर, मी चुकले."

मशीन थांबलं नाही. बाई दारात तशाच उभ्या राहिल्या. शिवण पुरी करून मास्तरांनी दोरा तोडला आणि मग वर पाहिलं.

"ती पुस्तकं ठेवलीत याचा राग नाही मला," ते म्हणाले. "ठेवायलाच पाहिजेत. कुठे काही फुटलं की गिऱ्हाईक माप द्यायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतं. मी गप्प बसलो तरी पंचाईत, बोललो तरी पंचाईत. सुक्याबरोबर ओलंही जळतं, बाई, त्याची सवय झाली. पण सुकं कुठलं आणि ओलं कुठलं, हे तुम्हाला कळत असेल असं धरून चाललो होतो मी."

"मी नुसता आकडा बघितला हो, मास्तर."

"आणि पुस्तक?"

बाईंना खोटं बोलता येत नसे. "नाही वाचलं," त्या म्हणाल्या. अख्ख्या गल्लीला वाचाच म्हणणाऱ्या बाई ते पुस्तक इतकी वर्षं कपाटात ठेवून होत्या आणि त्यांनी ते एकदाही उघडलं नव्हतं. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

मास्तरांनी कात्री पुसायला घेतली. मग त्यांनी बाईंना स्टुलावर बसायला सांगितलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून सांगतो. माझा पोरगा एकोणीस वर्षांचा होता. नोकरी नव्हती, दोस्त सुटले होते. कानात सदा कुणाची तरी भाषणं. आमच्याशी बोलेना, जेवायला बसेना. एक दिवस त्याच्या आईला पलंगाखाली भरलेली बॅग सापडली. मी तर हात उगारला होता. तिने मला खोलीबाहेर काढलं."

"मग?"

"मग रोज ती त्याच्याशेजारी बसायची. हे पुस्तक घेऊन. यात शेजाऱ्याची गोष्ट आहे, अनाथ पोराची आहे, तहानेल्या जनावराची आहे. एक गोष्ट वाचायची आणि विचारायचं, तुझ्या त्या भाषणवाल्याला ही ठाऊक आहे का रे? तो चिडायचा, उठून जायचा. दुसऱ्या दिवशी ही परत हजर. मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. सगळा हिवाळा असा गेला. एक दिवस बॅग रिकामी करून त्याने स्वतःच माळ्यावर टाकली." मास्तरांनी कात्री बाजूला ठेवली. "तुमच्या टेबलावरच्या सगळ्या पुस्तकांत, बाई, माझ्या घरात कामाला आलेलं ते एकच. आणि तुम्ही ते ठेवलंत, तेही चुकून."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"पण ही गोष्ट या दुकानाबाहेर जाता कामा नये," मास्तर म्हणाले. "त्याने कुणाचं काही वाईट केलं नाही. आता घरसंसार आहे, लेक आहे. लोक विश्वासाने इमारतीच्या किल्ल्या देतात त्याच्या हातात. हे कळलं तर उद्या कुणी लिफ्टच्या बटणाला हात लावू देणार नाही. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, ठाऊक आहे मला."

"भिजेल," बाई म्हणाल्या.

"बघू," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

बाई परत आल्या त्या वादळासारख्या. आधी उभ्या उभ्या ते लहानसं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग सगळं टेबल रिकामं केलं. शनिवारी नवरा अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मदतीला आला आणि पुस्तकांच्या थप्प्या वाहू लागला. जुने आकडे खरवडून नवे चिकटवणं चाललं असताना डॉक्टर येऊन ठेपले.

"अहो, आकडे जगभर मान्य आहेत! आपण कोण ते बदलणारे?"

"डॉक्टर, एक दात किडलाय म्हणून तुम्ही शेजारचा उपटला असतात का?"

डॉक्टरांनी सवयीने बाईंच्या तोंडात डोकावून पाहिलं, थोडा विचार केला, कोट काढून ठेवला आणि आकडे खरवडायला बसले.

टेबल नव्याने उभं राहिलं ते हिंसा आणि राजकारण या विषयाचं. त्यावर इस्लामचं नाव घेऊन मारणारे होते, तसेच इतर देवांचं नाव घेऊन मारणारे, आणि देवाशिवाय मारणारे. त्यांच्या तावडीतून वाचलेल्यांनी लिहिलेली पुस्तकं अगदी पुढे. प्रार्थना आणि कविता आपापल्या जागी परत गेल्या. मास्तरांच्या बायकोचं पुस्तक बाईंनी पुसून चरित्रांच्या कपाटात नीट उभं केलं.

रविवारी ही झुंबड! खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले. बाईंचं सगळं लक्ष दाराकडे होतं. मास्तर आले. दारात उभं राहून त्यांनी टेबल पाहिलं, मग चरित्रांचं कपाट पाहिलं, आणि जाऊन आपल्या बाकावर बसले. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि मग त्यांची गाडी अशी सुटली की विचारू नका. तुरुंगातला डॉक्टर, फसवलेल्या मुली, पैशाच्या वाटा, सगळं त्यांनी असं सांगितलं की भाषण संपायच्या आत अर्धं टेबल लोकांच्या हातात गेलं होतं. त्या खडाजंगीतले दोघे तर एकाच पुस्तकासाठी पुन्हा भांडायला लागले.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उभी राहिली. आवाज कापत होता. "ताई, का होतात ते कळलं. पण एखादं पोर त्या वाटेला लागलंच, तर त्याला परत आणणारं पुस्तक आहे का? असलं तर तेवढं एकच सांगा."

सगळे बाईंकडे बघू लागले. आता बाई म्हणणार, वाचाच!

बाईंनी तोंड उघडलं. उत्तर जिभेच्या टोकावर होतं. पुस्तक पाच पावलांवर होतं. त्या बाईच्या डोळ्यांत इतकी निकड होती, की पुस्तकाचं नुसतं नाव सांगितलं तर काय बिघडलं, असं बाईंना वाटून गेलं. पण नाव सांगितलं की कुणीतरी विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक? आणि मग आपण थांबणार नाही, हे त्या स्वतः चांगलंच ओळखून होत्या. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. मास्तर बाकावरून एकटक त्यांच्याकडे बघत होते.

"मला नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. नवऱ्याने तर चष्मा काढून डोळे चोळले. ती विचारणारी बाई हळूच खाली बसली, आणि ते बघून बाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पण त्या बोलल्या नाहीत.

"मी सांगतो, काकू."

दारात मास्तरांचा मुलगा उभा होता, कामाच्या कपड्यांत, खांद्याला हत्यारांची पिशवी. मास्तर अर्धवट उठले आणि त्यांनी मान हलवली, नको, नको. मुलाने ते पाहिलं. तरी तो लोकांमधून वाट काढत चरित्रांच्या कपाटापाशी गेला आणि ते लहानसं पुस्तक काढून त्याने दोन्ही हातांत धरलं.

"हे माझ्या अम्मीचं आहे," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांचा असताना मी त्या वाटेला लागलो होतो. बॅगसुद्धा भरली होती. तिने हे मला वाचून दाखवलं. रोज. मी उठून गेलो तरी रोज." त्याने त्या बाईकडे पाहिलं. "नुसतं पुस्तक नेऊन दिलंत तर तो फेकून देईल, ताई. शेजारी बसावं लागतं."

ज्या इमारतींच्या लिफ्ट तो दुरुस्त करायचा, त्यांतली कितीतरी माणसं तिथे बसली होती. ती बाई उठली, पुढे आली आणि तिने हात पसरले. मुलगा क्षणभर घुटमळला, मग पुस्तक तिच्या हातांत देऊन तसाच उभा राहिला, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत.

मास्तर खाली बसले. बाकावर सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"उभा का आहेस?" ते म्हणाले. "ये, इथे बस."